डोकं हातात घेऊन शाळेत येणारी मुलगी: 'डेमी-चान' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

माची क्योको शाळेत येते तेव्हा तिचं डोकं तिच्या हातांत असतं. मानेच्या जागी नुसती एक ज्योत. भुताची गोष्ट असती तर इथं कुणीतरी किंचाळलं असतं, दिवे गेले असते. इथं तसं काहीच होत नाही. घंटा होते, वर्ग भरतो, तास सुरू होतो.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायला कुठून सुरुवात करू, असं मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकांच्या मनात मांगा म्हणजे तलवारी आणि शंभर-शंभर खंडांची न संपणारी लढाई असते. त्यांना मी ही मालिका सुचवते. जपानी नाव 'डेमी-चान वा कातारिताइ', म्हणजे साधारण 'डेमी-चानला बोलायचंय'. इंग्रजीत ती 'इंटरव्ह्यूज विथ मॉन्स्टर गर्ल्स' या नावानं आली. लेखक-चित्रकार पेतोस या टोपणनावानं लिहितात. 2014 साली कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'यंग मॅगझिन द थर्ड' या मासिकात ती सुरू झाली आणि 11 खंडांत पूर्ण झाली. अकरा हा आकडा नवख्या वाचकासाठी फार सोयीचा आहे. शेवट दिसतो, आणि तिथवर पोचताही येतं.

आधी एवढं माहीत असू द्या

गोष्टीतलं जग आपल्याच जगासारखं आहे, फरक एवढाच की त्यात माणसांबरोबर 'आजिन' राहतात. हा शब्द दोन चिनी चिन्हांचा: पहिल्याचा अर्थ 'उप' किंवा 'दुय्यम', दुसऱ्याचा 'माणूस'. जवळजवळ माणूस, पण पूर्ण नाही, असा त्याचा वास येतो. तरुण मुलींना तो रुचत नाही, म्हणून त्या स्वतःला 'डेमी' म्हणवतात. मूळ शीर्षकात चिन्हं 'आजिन'चीच आहेत, पण त्यांचा उच्चार 'डेमी' असा दिलाय. सरकारदरबारी असलेलं नाव एक आणि पोरींनी स्वतःसाठी निवडलेलं दुसरं, ही सगळी भानगड शीर्षकातच मांडून ठेवली आहे. त्यापुढचं 'चान' हे लाडाचं.

पूर्वी यांचा छळ झाला, आता कायदे आहेत, सवलती आहेत. रक्तपिपासू म्हणजे व्हॅम्पायर असलेल्या मुलीला सरकारकडून महिन्याला रक्ताची एक पिशवी मिळते. आपल्याकडं रेशन मिळतं तसं. ही एक बाब पहिल्याच भेटीत कळते आणि सगळी भीती खाली उतरते. जिला महिन्याच्या महिन्याला पिशवी घरपोच मिळते ती रात्री कुणाच्या खिडकीत कशाला जाईल?

गोष्ट घडते एका हायस्कूलमध्ये. ताकाहाशी तेत्सुओ नावाचे धिप्पाड जीवशास्त्राचे सर आहेत. कॉलेजात असताना त्यांना प्रबंधच आजिन लोकांवर लिहायचा होता, पण परवानगी मिळाली नाही, आणि पुढं इतकी वर्षं एकही आजिन भेटला नाही. मग एका वर्षी शाळेत एकदम तीन विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका येतात. सर त्यांच्याशी बोलू लागतात. बस्स, एवढंच कथानक.

प्रत हातात आल्यावर

पान उजवीकडून डावीकडं वाचायचं. इंग्रजी भाषांतरातही हीच दिशा ठेवलेली असते. आपण ज्याला मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक उघडायचं. चुकून उलट्या बाजूनं उघडलंत तर बऱ्याच इंग्रजी आवृत्त्यांत 'थांबा, हा शेवट आहे' अशा अर्थाची सूचना भेटते, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

पानावर नजर अशी फिरवा: वरची उजवी चौकट, मग तिच्या डावीकडची, ओळ संपली की खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून. चौकटीच्या आतही उजव्या बाजूचा फुगा आधी वाचायचा. पहिली पंधरा-वीस पानं उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जाईल आणि संवाद वेड्यासारखा वाटेल. तसं वाटलं की थांबा आणि तेच पान बोट ठेवून पुन्हा वाचा. लहानपणी बाराखडी शिकताना ठेवायचो तसं. दुसऱ्या प्रकरणापर्यंत बोट आपोआप सुटतं.

खंड विकत घ्या किंवा अधिकृत ई-पुस्तक घ्या. फुकट संकेतस्थळांवरची पानं अनेकदा धूसर असतात, संवाद घाईत उरकलेले असतात. ही मांगा पूर्णपणे बोलण्यावर उभी आहे. त्यात संवादच गबाळा असेल तर हाती काही लागत नाही, आणि चित्रकाराला दमडीही मिळत नाही.

नावं आधी सोडवून घ्या

इथं बहुतेक नवे वाचक अडखळतात. सरांचं आडनाव ताकाहाशी. व्हॅम्पायर मुलीचं आडनाव ताकानाशी. दोन्ही पहिल्याच प्रकरणात येतात आणि गोंधळ उडतो. मी लक्षात ठेवण्यासाठी एक युक्ती वापरली. 'ताकानाशी' हे आडनाव जपानीत तीन चिन्हांनी लिहितात: लहान, पक्षी, खेळ. त्यांचा उच्चार 'ताकानाशी' का, तर 'ताका' म्हणजे ससाणा आणि 'नाशी' म्हणजे नसणं. ससाणा नाही, म्हणून चिमण्या-पाखरं बिनधास्त खेळताहेत! हे आडनाव मांगासाठी बनवलेलं नाही, जपानीत ते खरोखर आहे. आणि ताकानाशी हिकारी ही मुलगी आहेच तशी: दिवसभर चिवचिव, इकडून तिकडं उड्या. एकदा हे कळलं की पुन्हा चूक होत नाही.

जपानी नावात आडनाव आधी येतं. संबोधनं भाषांतरात तशीच ठेवलेली दिसतील: शिक्षकांना 'सेन्सेइ', बरोबरीच्यांना 'सान', जवळच्या मुलीला 'चान'. हिकारी मात्र सगळ्यांना टोपणनावं देते. माचीची 'माच्ची' होते, हिमस्त्री असलेल्या युकीची 'युक्की'. कोण कुणाला काय म्हणतं याकडं लक्ष ठेवा. आपल्याकडं 'अहो'चं 'अरे' कधी होतं यावरून नातं कळतं, तसंच इथं.

शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, हायस्कूल तीन वर्षांचं. उन्हाळा सुरू झाला की हिकारी आणि युकी दोघी कोमेजतात, तेव्हा कुठला महिना चालू आहे हे ध्यानात ठेवलंत तर बरं.

मूळ कथा जाणून घ्या, मग पुढं चला

ही पायरी गाळली तरी गोष्ट कळते. पण गाळू नका. ताकाहाशी सरांची सगळी पद्धत या जुन्या कथांवर बेतलेली आहे. त्यांचं म्हणणं असं की दंतकथा म्हणजे कुणीतरी घाबरून, अर्धवट पाहून सांगितलेली खरी गोष्ट असू शकते. ते कथा ऐकतात, मग समोर बसलेल्या मुलीला विचारतात, तुझ्या बाबतीत हे कसं आहे?

माची ही दुल्लाहान आहे. ही आयर्लंडची लोककथा. बिनडोक्याचा घोडेस्वार, स्वतःचं शिर हातात घेऊन रात्री फिरतो, तो जिथं थांबतो तिथं कुणाचा तरी मृत्यू ठरलेला. मांगात माचीसारखे दुल्लाहान साऱ्या जगात तिघंच आहेत. मृत्यूचा दूत म्हणून ज्याला दार लावून घ्यायचे, ती इथं डोकं धरून हात दुखतात म्हणून वैतागलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर आहे. मग सरांना प्रश्न पडतो की घास डोक्यात जातो तर पोटात कसा पोचतो? मधे तर काहीच नाही. जीवशास्त्र इथं हात टेकतं आणि सरांचा भौतिकशास्त्रातला मित्र मदतीला येतो. या शंकेमुळंच माचीला स्वतःच भौतिकशास्त्र शिकावंसं वाटू लागतं. तिचं शरीर हा तिच्या अभ्यासाचा विषय होतो आणि तो तिनं स्वतः निवडलेला असतो. मला ही मालिकेतली फार मोलाची गोष्ट वाटते.

कुसाकाबे युकी ही युकी-ओन्ना, हिमस्त्री. ही जपानची स्वतःची कथा. ती जगभर पोचवली लाफ्काडिओ हर्न यांनी, 1904 साली आलेल्या 'क्वाइदान' या संग्रहातून. बर्फाच्या वादळात दोन लाकूडतोडे एका झोपडीत अडकतात. पांढऱ्या वेषातली बाई येते, म्हाताऱ्या मोसाकूवर फुंकर घालते, तो गोठून मरतो. तरुण मिनोकिचीला मात्र सोडते, अट एकच, हे कुणाला सांगायचं नाही. पुढं त्याचं ओ-युकी नावाच्या मुलीशी लग्न होतं, मुलं होतात, आणि एका रात्री तो बायकोला ती जुनी हकिगत सांगून बसतो. ती बाई मीच, असं म्हणून ती विरघळून जाते. मुलांसाठी म्हणून तेवढं त्याला जिवंत सोडते. जाता जाता सांगायचं तर हर्न लहानाचे मोठे झाले आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये, आणि पुढं जपानचे नागरिक होऊन कोइझुमी याकुमो झाले. दुल्लाहानचा देश आणि हिमस्त्रीचा देश एकाच माणसाच्या आयुष्यात असे जोडले गेले. या दोघी मुलींना एका शाळेत बघताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

व्हॅम्पायरबद्दल काही सांगायची गरज नाही, सिनेमांनी ते काम केलंय. फक्त ही व्हॅम्पायर टोमॅटोचा रस पिते आणि तिची जुळी बहीण हिमारी साधी माणूस आहे. आजिन असणं इथं घराण्यातून उतरतंच असं नाही, त्यामुळं एकाच गर्भातून आलेल्या दोघींपैकी एकीलाच ते आलंय.

आपल्या मुंजाच्या, हडळीच्या गोष्टी आठवा. पिंपळ, उलटे पाय, तिन्हीसांजेला बाहेर पडू नकोस. त्या गोष्टींत मुंजाला कधी कुणी विचारलं नाही, बाबा, तुला काय होतंय? वेताळ बोलतो, पण तोही राजाला कोडी घालतो, स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. ही मालिका नेमकं ते विचारते.

वाचायचं कसं: घाई नको, रोज एक प्रकरण

पहिली काही प्रकरणं मुलींची ओळख करून देतात असं समजून चाला. काही 'घडण्याची' वाट पाहू नका. प्रश्न काय विचारला, आणि उत्तर देताना मुलीचा चेहरा कसा बदलला, एवढंच बघा.

माचीचं दुखणं काय असावं असं तुम्हाला वाटतं? डोकं सांभाळणं? तेही आहे. पण तिला जास्त बोचतं ते हे की वर्गातली मुलं तिच्या डोक्याचा विषयच काढत नाहीत. सगळी चांगली मुलं आहेत. तिला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलतात. त्या जपण्यामुळंच मोकळ्या गप्पा होत नाहीत आणि ती एकटी पडते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. माझ्या वर्गात कोड असलेली एक मुलगी होती. पाचवी ते दहावी आम्ही एका वर्गात होतो, एकदाही कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि आम्ही किती शहाण्यासारखं वागतो असं आमच्या बाईही म्हणायच्या. डबा खाताना ती नेहमी डावा हात मांडीखाली ठेवायची. आम्ही ते पाहायचो आणि दुसरीकडं बघायचो. सहा वर्षं.

म्हणून सांगते, युकीचा प्रसंग आला की सावकाश वाचा. युकी कुणाला हात लावू देत नाही, कुणाजवळ फारशी जात नाही. वर्गातल्या दोन मुली तिच्या पाठीमागं तिच्याबद्दल वाईट बोलतात, हिकारी त्यांना जाऊन भिडते, तोही प्रसंग उत्तम आहे. पण खरी गाठ दुसरीच आहे. एकदा आंघोळीच्या पाण्यात युकीला बर्फाचे कण सापडलेले असतात. आपल्या अंगातून बर्फ निघतो, म्हणजे आपण एक दिवस कुणाला तरी इजा करू, या धास्तीनं ती सगळ्यांपासून लांब राहते.

सर धीराचे शब्द देत बसत नाहीत. ते कोमट पाण्यात तिला पाय बुडवून बसायला सांगतात आणि तिला जे आठवून त्रास होतो त्याबद्दल बोलू देतात. पाण्यात बर्फाचा कण दिसतो. आणि उलगडा होतो की बर्फ तयार होतो तो मन दुखावलं की, ताण आला की. घाम आणि अश्रू गोठतात, एवढंच. कुणाला इजा करण्याइतकं त्यात काही नाही. गरम पाण्यात गेलेली हिमस्त्री विरघळते आणि मागं बर्फाचे तुकडे उरतात अशी एक जपानी लोककथा आहे. ती डोक्यात ठेवून हे पान वाचलंत तर त्या कथेतल्या बाईकडंही वेगळ्या नजरेनं बघाल. तिला पाण्यानं विरघळवलं, की तिच्या मनाविरुद्ध पाण्यात ढकलल्यानं ती रडली?

हा प्रसंग पुरे झाल्यावर त्या दिवशी पुढचं प्रकरण उघडू नका.

सातो बाई, आणि थोडी काळजी

गणिताच्या सातो साकिए या सक्युबस आहेत. मध्ययुगीन युरोपातल्या समजुतीनुसार सक्युबस म्हणजे पुरुषांच्या स्वप्नात येऊन त्यांना भुलवणारी. मांगातल्या सातो बाईंना कुणालाही भुलवायचं नाही. पण त्यांच्या नुसत्या स्पर्शानं समोरच्यावर परिणाम होतो. म्हणून त्या ढगळ ट्रॅकसूट घालून शाळेत येतात, गर्दी टाळायला पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी पकडतात, झोपेत कुणाच्या स्वप्नावर परिणाम नको म्हणून वस्तीपासून लांब जुनाट घरात एकट्या राहतात. गर्दीच्या लोकलमधून रोज प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला यातली पहिली गाडी, ढगळ कपडे, अंग चोरून उभं राहणं समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की चूक कुणाचीही असो, काळजी घेण्याचं ओझं कुणावर पडतं, हे इथं उघड दिसतं.

आता काळजीचं. ही मालिका किशोरांसाठीच्या नव्हे, मोठ्यांसाठीच्या मासिकात आली. सातो बाईंच्या काही प्रसंगांत चित्रकार ज्या गोष्टीबद्दल सहानुभूती दाखवतो तीच गोष्ट रंगवून दाखवतो. ते मला खटकतं. माचीला सरांबद्दल ओढ वाटते, हेही येतं. सर मर्यादा सोडत नाहीत, पण काही चौकटी चित्रकारानं अजून जपून काढायला हव्या होत्या असं माझं स्पष्ट मत आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या हातात द्यायची असेल तर आधी स्वतः एक खंड वाचा, आणि मग त्यांच्याबरोबर वाचा.

शाळेलाही हे सगळं सहज मान्य होत नाही. उपमुख्याध्यापक एकदा सरांना सुनावतात की तुम्ही या मुलींच्या सगळ्या अडचणी स्वतःच सोडवत बसता, त्यामुळं त्या इतरांपर्यंत जातच नाहीत. पहिल्या वाचनात मला त्यांचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना पटलं की त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकच समजूतदार माणूस असणं पुरेसं नसतं. ते बोलणं इतर विद्यार्थ्यांच्या कानावर पडतं आणि त्यानंतर वर्गातली मुलं स्वतःहून पुढं येतात. हा भाग आल्यावर सुरुवातीचं माचीचं प्रकरण पुन्हा चाळा.

अॅनिमे कधी बघायचं

2017 साली ए-वन पिक्चर्सनं याचं 12 भागांचं अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका, केलं. रंग, आवाज, हिकारीची बडबड, सगळं छान उतरलंय. तरीही निदान दोन खंड वाचून झाल्यावरच बघा. छापील पानावर प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तुम्ही हवं तितकं थांबू शकता, पडद्यावर ती सोय नाही. मांगा मात्र अॅनिमेच्या बरीच पुढं जाते. मधल्या खंडांत गती थोडी मंदावते, ते सहन होत नसेल तर आठवडाभर बाजूला ठेवा आणि परत या, धागा सुटत नाही, कारण प्रत्येक प्रकरण आपल्यापुरतं पुरं असतं.

सोबतीला कुणी असेल तर उत्तम. मी भाचीबरोबर वाचली. ती सरांचे प्रश्न मोठ्यानं वाचायची, मी उत्तरं. माचीच्या पानावर ती मधेच थांबून म्हणाली, "मावशी, डोकं धरून हात दुखले की ही काय करते?" मी म्हटलं, पुढं वाच. पुढच्या पानांवर हिकारी माचीचं डोकं आपल्या हातांत घेऊन चालत होती.